हरिहर: कातळात कोरलेली वाट

नाशिक जिल्ह्यात, त्र्यंबकेश्वरच्या पश्चिमेला पसरलेल्या डोंगररांगेत हरिहर हा किल्ला आहे. परिसरातले लोक त्याला हर्षगडही म्हणतात. समुद्रसपाटीपासून त्याची उंची ३६७६ फूट, म्हणजे साधारण ११२० मीटर. उंचीच्या हिशेबात सह्याद्रीतले कितीतरी डोंगर त्याच्या पुढे आहेत. शेजारचे ब्रह्मगिरी आणि अंजनेरीसुद्धा त्याहून उंच आहेत. तरीही महाराष्ट्रात ट्रेकिंगला नुकतीच सुरुवात केलेल्या माणसाला पहिल्या दहा किल्ल्यांची नावे विचारली, तर हरिहरचे नाव त्यात हमखास येते. त्याचे कारण गडावरचे मंदिर नव्हे, तलाव नव्हे आणि इतिहासही नव्हे. कातळाच्या धारेत सरळ वर गेलेला पायऱ्यांचा जिना हेच ते कारण आहे. या जिन्याचे छायाचित्र आधी पाहिलेले असते आणि किल्ल्याचे नाव नंतर कळते, असे बहुतेकांच्या बाबतीत घडते.

हरिहरचा आकार लांबून पाहिला की हा जिना इथेच का कोरला गेला ते लक्षात येते. खाली गवताळ, उतरत्या सोंडांचा प्रशस्त पाया आणि त्यावर उभ्या कड्यांचा त्रिकोणी कातळ अशी डोंगराची रचना आहे. इथला सह्याद्री सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचत गेलेल्या लाव्हाचा बनलेला आहे. या थरांतला काही खडक घट्ट, काही सच्छिद्र. सच्छिद्र खडक लवकर झिजतो आणि त्याचा उतार बनतो. घट्ट बेसॉल्ट उभ्या भेगांवर फुटून कोसळत राहतो, म्हणून त्याचा कडा उभाच्या उभा राहतो. हरिहरच्या माथ्याखाली अशा घट्ट बेसॉल्टचा जाड पट्टा सर्व बाजूंनी फिरला आहे. त्याच्या बाजू जवळपास काटकोनात तुटलेल्या आहेत. पश्चिमेकडची एक धार तेवढी किंचित मागे कललेली आहे, आणि किल्ला बांधणाऱ्यांनी नेमकी तीच धार हेरली. इतर बाजूंचे कडे मुळातच तट असल्यासारखे असल्याने तिथे बांधकामाची फारशी गरजच पडली नाही. यांपैकी एक कडा गिर्यारोहकांत ‘स्कॉटिश कडा’ म्हणून ओळखला जातो. एव्हरेस्टच्या नैर्ऋत्य भिंतीवरून १९७५ मध्ये शिखर गाठणारे ब्रिटिश गिर्यारोहक डग स्कॉट यांनी १९८६ मध्ये तो चढला. सुमारे १७० मीटरच्या या कड्याला दोन दिवस लागले होते. त्याच माथ्यावर जिन्याने जाणाऱ्याला पाऊण तास पुरतो.

किल्ला यादवकाळातला मानला जातो. त्याचे काम मुख्यतः पहारेकऱ्याचे होते. देशावरून त्र्यंबकमार्गे कोकणात उतरणारी जुनी व्यापारी वाट गोंडा घाटातून जात असे. एका बाजूला हरिहर आणि दुसऱ्या बाजूला भास्करगड अशी या वाटेवरची दोन ठाणी. निजामशाही संपत आली तेव्हा, १६३६ मध्ये, शहाजीराजांना त्र्यंबकबरोबर हरिहरही मोगलांचा सरदार खान जमान याच्या हवाली करावा लागला. १६७० मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी तो स्वराज्यात आणला आणि १६८९ मध्ये मोगल सरदार मातब्बरखानाने परत घेतला. पुढे तो मराठ्यांकडे आला. १८१८ मध्ये त्र्यंबकगड पडल्यावर आसपासच्या अनेक किल्ल्यांप्रमाणे हरिहरही इंग्रजांच्या ताब्यात गेला. त्या मोहिमेनंतर गडांची पाहणी करणाऱ्या कॅप्टन ब्रिग्जने इथल्या जिन्याची खास दखल घेतली. सुमारे दोनशे फूट सरळ गेलेल्या या चढाला त्याने शिडीची उपमा दिली. त्या काळात नाशिक भागातल्या बऱ्याच किल्ल्यांच्या वाटा इंग्रजांनी सुरुंग लावून उडवल्या. अलंग-मदन-कुलंगसारख्या ठिकाणी तुटलेल्या पायऱ्यांमुळे आज दोर लावावे लागतात. हरिहरचा जिना मात्र वाचला. ब्रिग्जला तो इतका आवडला की तो मोडायचे त्याच्या जिवावर आले, असे ट्रेकर मंडळी रंगवून सांगतात. गोष्ट छान आहे, पण तिला कागदाचा आधार कोणी देत नाही.

गडाला जायला दोन गावे सोयीची आहेत. त्र्यंबक-खोडाळा रस्त्यावरचे निरगुडपाडा हे एक, आणि त्र्यंबकेश्वरला अधिक जवळ असलेली हर्षेवाडी हे दुसरे. नाशिककडून येणारे त्र्यंबकेश्वरमार्गे दोन्हीकडे पोचतात. मुंबई-ठाण्याकडचे लोक कसारा-खोडाळामार्गे निरगुडपाड्याला येणे पसंत करतात. हर्षेवाडी मुळातच उंचावर असल्याने तिथून चढ कमी लागतो आणि लहान मुले किंवा वयस्क माणसे बरोबर असतील तर तीच वाट बरी. निरगुडपाड्याची वाट लांब आणि दमवणारी आहे, पण या वाटेने किल्ला टप्प्याटप्प्याने समोर येत जातो आणि जिना कोणत्या धारेवर आहे हे तासभर आधीपासून दिसत राहते. पाहायला आलेल्या माणसाने निरगुडपाडाच निवडावा. दोन्ही वाटा शेवटी कातळाच्या पायथ्याशी एकत्र येतात, कारण त्यापुढे जाण्याचा मार्ग एकच आहे.

निरगुडपाड्याहून निघालेली वाट आधी भाताच्या खाचरांच्या कडेने जाते. हा सगळा महादेव कोळी, ठाकर आणि वारली समाजाच्या वस्तीचा भाग आहे. सखल जागी भात आणि उतारावर नागली, वरई ही इथली पिके. खाचरे मागे पडली की विरळ जंगल लागते आणि वाट एका सोंडेवर चढू लागते. हा चढ खडा असला तरी अवघड नाही. मातीची, मुरमाड, दगडगोट्यांची मळलेली वाट आहे आणि चुकण्याचा संभव सुट्टीच्या दिवशी तर नाहीच, कारण पुढे-मागे माणसांची रांग असते. सावली मात्र थोडी. पावसाळा संपल्यावर सकाळी दहानंतर ही सोंड चांगलीच तापते, आणि दमछाक होते ती इथे, जिन्यावर नव्हे. सोंडेच्या माथ्यावर आले की काही अंतर जवळपास सपाट चाल आहे. उजव्या-डाव्या हाताला दरी, समोर हरिहरचा कातळ आणि मागे वळून पाहिले तर भास्करगड ऊर्फ बसगड. जिना सुरू होण्याआधीच्या पठारावर गावकऱ्यांनी पाले टाकून लिंबूसरबत, ताक, काकडी, मॅगी आणि चहाची दुकाने मांडलेली असतात. सामान डोक्यावर घेऊन हीच चढण रोज चढणाऱ्या या दुकानदारांनी सरबताचे दोन पैसे जास्त लावले म्हणून कुरकुर करणारे लोकही तिथेच भेटतात.

पाण्याची बाटली पिशवीत टाकून, काठ्या मिटवून पिशवीला अडकवून आणि दोन्ही हात मोकळे करून जिन्याला लागायचे असते. जिना साधारण एक मीटर रुंद आहे. दोन्ही बाजूंना कातळाचा किंवा बांधीव कठड्याचा उंच आधार नाही; धारेची रुंदीच तेवढी आहे. पायऱ्या वेगळा दगड आणून बसवलेल्या नाहीत, आहे तोच कातळ छिन्नी-हातोड्याने फोडून कोरून काढल्या आहेत. एकेका पायरीची उंची गुडघ्याला भिडणारी, आणि पाऊल ठेवायची जागा त्या मानाने अरुंद. पायरीच्या दोन्ही टोकांना खोबण्या कोरलेल्या आहेत. साधारण चार बोटे आत जातील आणि अंगठा बाहेर राहील एवढा त्यांचा आकार. पाय एका पायरीवर असताना हात आपोआप छातीच्या उंचीच्या पायरीवर येतात आणि बोटे त्या खोबणीतच पडतात. कोरणाऱ्याने माणसाच्या हातापायांचे माप घेऊनच हे काम केले असावे असे पहिल्या दहा-बारा पायऱ्यांतच जाणवते. शतकानुशतकांच्या वापराने पायऱ्यांच्या कडा बोथट झाल्या आहेत, खोबण्यांच्या आतली बाजू हातांनी गुळगुळीत झाली आहे. तरीही पकड सुटत नाही. पावसात याच खोबण्यांत पाणी साचते आणि बोटे गार पडतात एवढाच त्रास.

या जिन्याचा चढ ८० अंशांचा आहे असे सर्रास सांगितले आणि छापले जाते. साध्या गणिताने पाहिले तर ते पटत नाही. ८० अंशांच्या जिन्यात दीड फूट उंचीच्या पायरीला पाऊल ठेवायला जेमतेम तीन इंच जागा मिळेल. इथे तर पावलाचा बराचसा भाग पायरीवर मावतो. खरा चढ त्याहून निश्चित कमी आहे. पण डोळ्यांना तो अधिक वाटतो, कारण खालून पाहताना एकाच्या डोक्यावर दुसऱ्याचे पाय दिसतात आणि वरून पाहताना पायऱ्यांच्या कडांपलीकडे एकदम दरीच दिसते. सह्याद्रीत भटकणारे लोक याला दृष्टिभय म्हणतात. हरिहरचा अवघडपणा आहे तो या दृष्टिभयाचा. तांत्रिक कौशल्य इथे लागत नाही, दोर लागत नाही. हात घट्ट, नजर समोरच्या कातळावर आणि चाल संथ एवढे सांभाळले की सहसा अडचण येत नाही.

जिन्याच्या पहिल्या टप्प्यात नव्वदच्या आसपास पायऱ्या आहेत. त्या संपतात तिथे छोटासा महादरवाजा अजून भक्कम उभा आहे. धाप टाकायला थांबायची ही पहिली जागा, आणि म्हणूनच गर्दीच्या दिवशी सगळ्यांत आधी तुंबते तीही हीच. दरवाजातून आत गेल्यावर वाट एकदम आडवी होते. कड्याच्या पोटात खोबण काढावी तशी ती कोरलेली आहे: एका अंगाला आणि डोक्यावर कातळ, दुसऱ्या अंगाला दरी. उंची कमी असल्याने बऱ्यापैकी वाकून चालावे लागते आणि पाठीवरची सॅक वरच्या कातळाला घासते. वाटेची दिशा ठरवणाऱ्याचा हिशेब इथे उघड दिसतो. जिना चढून दमलेला, हात मोकळे नसलेला शत्रू दरवाजाशी पोचला, तरी पुढे त्याला वाकून, एकेकट्याने, कड्याच्या काठावरून जायचे आहे. पलीकडे दबा धरून बसलेल्या दोन-चार माणसांनी अख्खी तुकडी अडवावी अशी ही योजना आहे.

आडवी चाल संपली की दुसरा जिना लागतो. तो पहिल्याइतका लांब नाही, पण अधिक उभा आणि अधिक आवळलेला आहे. काही ठिकाणी तो कातळ पोखरून नेला आहे. दोन्ही बाजूंना भिंती असल्याने दरी फारशी दिसत नाही. काहींना त्यामुळे धीर येतो, काहींना कोंडल्यासारखे होते. इथल्या पायऱ्या पहिल्या टप्प्यापेक्षा अधिक झिजलेल्या आहेत आणि पावसाळ्यात त्यांच्यावरून पाणी वाहत असते. शेवटच्या छोट्या दरवाजातून अंग वर ओढून घेतले की माणूस थेट माथ्यावरच्या उजेडात येतो. दोन्ही टप्पे मिळून पायऱ्या शंभराहून थोड्या अधिक, ११७ असा आकडा सांगितला जातो.

बहुतेक लोकांच्या लेखी ट्रेक इथेच संपतो, हे गडमाथ्याचे दुर्दैव आहे. माथा अरुंद आणि लांबट आहे. मधोमध एक उंचवटा. वाटेने पुढे गेले की एक तलाव लागतो. त्याच्या काठी मारुतीचे छोटे मंदिर आहे आणि जवळच उघड्यावर शिवलिंग व नंदी. पुढे कातळात खोदलेल्या पाण्याच्या टाक्यांचा समूह आहे. या गडावर शिबंदी वर्षभर राहू शकली ती जिन्यामुळे नव्हे, या टाक्यांमुळे. चढायला कितीही कठीण असला तरी पाण्यावाचून कोणताच किल्ला आठवडाभरही झुंजत नाही. त्यापलीकडे दगडी बांधणीचे, घुमटाकार छताचे एक कोठार उभे आहे. गडावर छप्पर शाबूत असलेली हीच एक जुनी इमारत. आत शिरायला छोटेसे दार आहे. वाकून, जवळपास रांगत जावे लागते. आतल्या दोन खोल्यांत पूर्वी दारूगोळा ठेवत असावेत असा अंदाज केला जातो. आजचे रहिवासी म्हणजे पावसात अडकलेले ट्रेकर. त्यांनी भिंतींवर कोळशाने लिहिलेली नावे वाचून डोके फिरते.

मधल्या उंचवट्यावर चढायला शेवटचे काही फूट हातांचा आधार घ्यावा लागतो. तिथे भगवा झेंडा आहे आणि चहूबाजूंचा मुलूख उघडा पडतो. पूर्वेला ब्रह्मगिरी आणि त्याच्यामागे अंजनेरी, जवळ उतवड आणि फणीचा डोंगर, पश्चिमेकडे भास्करगड. दक्षिणेला पाण्याचा मोठा पसारा दिसतो तो अप्पर वैतरणा धरणाचा. ही रांग पाण्याची वाटणी करते. ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी पूर्वेकडे वळून आंध्रापर्यंत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते, तर त्याच परिसरात उगम पावणारी वैतरणा पश्चिमेला अरबी समुद्राकडे धावते. मुंबईच्या नळाला येणाऱ्या पाण्याचा मोठा भाग याच वैतरणेवरच्या धरणांचा. मुंबईहून रात्रीचा प्रवास करून आलेल्यांना आपले पाणी कोठून येते हे पाहायची ही चांगली जागा आहे, पण छायाचित्रे काढण्याच्या घाईत तिकडे फारसे कोणी पाहत नाही.

माथ्यावर माकडे पुष्कळ आहेत. पिशवीची चेन त्यांना उघडता येते. हातात उघडा पुडा धरून जिन्यावर थांबणे तर अजिबात शहाणपणाचे नाही, कारण पुडा वाचवायच्या नादात तोल जाऊ शकतो.

चढण्यापेक्षा उतरणे कठीण, हा जिन्याचा नियम इथेही लागू आहे. चढताना कातळ समोर असतो. तोंड दरीकडे करून उतरू लागले की पायऱ्या दिसेनाशा होतात आणि पाय चाचपडतात. सवयीचे लोक निसण उतरावे तसे तोंड कातळाकडे करून उतरतात: दोन्ही हात खोबणीत, एक पाय खाली, तो टेकला की दुसरा. बसून घसरत उतरणारेही दिसतात. त्यांची पाठपिशवी मागच्या पायरीला अडकून अंग पुढे ढकलले जाते, म्हणून ही पद्धत दिसते तेवढी सुरक्षित नाही. सोबत घाबरलेला माणूस असेल तर अनुभवी माणसाने त्याच्या आधी, म्हणजे खालच्या बाजूला उतरून त्याचे पाय पायरीवर लावून द्यावेत. वरून सूचना देणाऱ्याचा उपयोग होत नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. हा जिना एकावेळी एका दिशेने, थोड्या माणसांसाठी कोरलेला आहे. शत्रूची गर्दी अडवणे हाच त्याचा हेतू. जुलै ते सप्टेंबरच्या शनिवार-रविवारी नाशिक, मुंबई, पुण्याहून भरून आलेल्या बसगाड्यांमधले शेकडो लोक त्याच मीटरभर रुंदीवरून एकाच वेळी चढू आणि उतरू पाहतात. मधल्या पायरीवर एखादा घाबरून थिजला, की वर आणि खाली दोन्हीकडे रांग थांबते. तिथे उभ्या राहिलेल्या प्रत्येकाला अर्धे पाऊल टेकवून, हात खोबणीत अडकवून तसेच ताटकळावे लागते, आणि त्यात पाऊस येतो. अवघड किल्ल्यावर कोणी एकटा चुकला तर त्याचे त्याला भोगावे लागते. हरिहरवर एकाची चूक मागच्या पन्नासांना भोवते. गर्दीची छायाचित्रे पसरली की प्रशासन पावसाळ्यात वेळोवेळी निर्बंध घालते, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करणे इष्ट.

ऋतूंचा विचार केला तर पावसाळ्यातला हरिहर सुंदर दिसतो, पण दिसतोच असे नाही. ढग उतरले की दहा पायऱ्यांपलीकडचा माणूस दिसत नाही, शेवाळलेल्या कातळावर बूट टिकत नाहीत आणि जोरदार वाऱ्यात धारेवर उभे राहणे अवघड होते. सप्टेंबरच्या अखेरीस उतार सोनकीच्या पिवळ्या फुलांनी भरून जातात. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत भरवशाचा: कातळ कोरडा, हवा स्वच्छ, सकाळी थंडी. मार्चपासून सोंडेवरचे ऊन सोसवत नाही आणि सोबत प्रत्येकी तीन लिटर पाणी घेतले तरी कमी पडते. निरगुडपाड्याहून चढायला दोन-अडीच तास, माथा पाहायला तास-दीड तास आणि उतरायला दोन तास धरले, तर पहाटे निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला पायथ्याशी परत येऊ शकतो. गावात आधी सांगून ठेवले तर पिठलं-भाकरी मिळते. हा हिशेब सुट्टीच्या दिवशी मात्र कोलमडतो.

तेव्हा आठवड्यातला मधला दिवस काढता येत असेल तर तो काढावा. ते शक्य नसेल तर उजाडताच जिन्याशी असावे, आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवण्याआधी वर महादरवाजाकडे पाहावे: कोणी उतरत असेल तर ते खाली येईपर्यंत पठारावर थांबावे.